भुतांना साथसंगत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

कार्तिक अमावास्येच्या रात्री आपल्या वाचनालयाचा चित्रपट विभाग शाळेच्या पटांगणात तीन मूकपट दाखवणार आहे. तिन्ही अमेरिकन, भुताटकीचे, तरी पोट धरून हसवणारे. अमावास्या मुद्दाम निवडली. पडद्यावर चांदणं पडलं की चित्र फिकं दिसतं.

पहिला बस्टर कीटनचा ‘द हॉन्टेड हाउस’ (१९२१). त्यातला जिना बघाच. माणूस चढायला लागला की पायऱ्या आडव्या होतात आणि जिन्याची घसरगुंडी होते. दुसरा हॅरॉल्ड लॉइडचा ‘हॉन्टेड स्पूक्स’ (१९२०). त्याचं काम चालू असताना, ऑगस्ट १९१९ मध्ये, फोटोसाठी हातात धरलेला ‘खोटा’ बॉम्ब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. उरलेला चित्रपट त्याने बरा झाल्यावर पुरा केला. (यातली काळ्या नोकरांची टिंगल आज खटकते, आधी त्यावर थोडं बोलू.) शेवटी पॉल लेनीचा ‘द कॅट अँड द कॅनरी’ (१९२७). मालक जाऊन वीस वर्षं झाल्यावर मध्यरात्री मृत्युपत्राचं वाचन, टपलेले नातेवाईक, आणि झोपलेल्या नायिकेच्या हाराकडे भिंतीतून सरकत येणारा लांब नखांचा हात!

अडचण आहे ती संगीताची. त्या काळी थिएटरात पियानो नाहीतर ऑर्गन वाजायचा. चित्रपटांचा कॉपीराइट संपलाय, पण नव्या प्रतींवरच्या संगीताचे हक्क वेगळे असतात. शिवाय तो हात आला की वाजवणं थांबवायचं, लोक हसत असतील तर हसू ओसरेपर्यंत थांबायचं, हे रेकॉर्डिंगला कुठून कळणार?

म्हणून पेटी, तबला, व्हायोलिन, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी पुढे यावं. लग्नाच्या बँडमधले असाल तर फारच उत्तम, झांज घेऊनच या. नोटेशन लागणार नाही. तालमीला चित्रपट समोर लावू. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मराठीतून मोठ्याने वाचायला खणखणीत आवाजाचे दोघे-तिघे हवेत, नाटकात काम केलेले असतील तर बरं.

प्रोजेक्टर, साउंड आणि पडद्याचं भाडं मिळून १८,००० रुपये लागतील. वर्गणीतून ७,००० जमले आहेत. तिकीट ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. देणगी कितीही चालेल, पावती मिळेल. वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळात यावं, सोमवारी सुट्टी.

कार्यक्रमाला येताना सतरंजी आणि स्वेटर घरून आणावा.

आपले,
चित्रपट विभाग, वाचनालय