कलाफेरी दालनाच्या मापाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या काळा घोडा कला महोत्सवाचे दिवस आले की एक तक्रार ठरलेली असते: कला राहिली बाजूला, सेल्फीची जत्रा झाली. आम्हाला ती अर्धीच पटते. महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस चालतो, प्रवेशाला पैसा लागत नाही. महोत्सवाच्या रस्त्यावर, रॅम्पार्ट रोवर, गर्दी होणारच, आणि कागदाच्या लगद्याच्या हत्तीपुढे पोराला उभं करून फोटो काढणाऱ्या आईबापांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. गोम वेगळीच आहे. ही माणसं जिथे तासभर रेटारेटी सोसतात तिथून जहांगीर कलादालन, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रीगलच्या चौकातली नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट चालत पाचेक मिनिटांवर आहेत. फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या आणखी दहा-पंधरा मिनिटांवर. रस्त्यावरून या दारांत नेणारा दुवा म्हणजे मार्गदर्शकाबरोबरची गॅलरी फेरी. शहरातल्या कुठल्याही कला महोत्सवात हाच दुवा सगळ्यात कच्चा राहतो. तो पक्का करायला फार पैसा लागत नाही. घड्याळ, मोजपट्टी आणि मराठी लागते.

आधी घड्याळ. गर्दी येते शनिवार-रविवारी, आणि इतर दिवशी ऑफिसं सुटल्यावर. नॅशनल गॅलरी संध्याकाळी ६ ला बंद होते, जहांगीर ७ ला. खासगी गॅलऱ्यांपैकी बहुतेक रविवारी बंद, काही सोमवारीही. नॅशनल गॅलरीला सोमवारी सुट्टी. म्हणजे लोकांना सवड असते तेव्हा दारं लागलेली, आणि दारं उघडी असतात तेव्हा लोक कामावर. हे बदलता येणार नाही असं नाही. २०१२ पासून होणाऱ्या मुंबई गॅलरी वीकेंडला याच गॅलऱ्या जानेवारीतल्या एका रविवारी उघड्या असतात. तेच आणखी एका रविवारी जमावं यासाठी पत्रव्यवहार नोव्हेंबरात व्हायला हवा. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात फोन केला तर गॅलरीकडे माणसं नसतात आणि उत्तर 'पुढच्या वर्षी बघू' असं येतं.

जहांगीरची गंमत आणखी निराळी. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. महोत्सव शनिवारी सुरू झाला तर तिसऱ्या संध्याकाळी चित्रं उतरतात आणि मंगळवारी नवी लागतात. पहिल्या शनिवारसाठी केलेली टिपणं दुसऱ्या शनिवारी हातात धरून बोलणारा मार्गदर्शक भिंतीवर नसलेल्या चित्राबद्दल बोलत राहतो. फेरीचं टिपण दोनदा करायचं, मंगळवारी दुपारी दालनात जाऊन. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. हॉल मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते, तो कशाला हलतोय? त्याला पाच मिनिटं बोलायला सांगितलं तर आनंदाने बोलतो. फक्त आदल्या दिवशी सांगायला हवं.

आता मोजपट्टी. फेरीत किती माणसं घ्यायची हे किती आली यावरून ठरवायचं नसतं. वाटेतल्या सगळ्यात लहान खोलीत किती मावतात, त्यावरून ठरतं. आमच्या हिशेबाने १५, फार तर १८. वहीच्या पानाएवढं एक छापचित्र घ्या. कोरलेल्या रेषेचा उठाव दिसायला फूटभर अंतरावर यावं लागतं, तिथे एका वेळी तिघंच उभे राहतात. तिघांना २० सेकंद दिले तर १५ जणांच्या पाच पाळ्या दोन मिनिटांत आटपतात. चाळीस जण असतील तर चौदा पाळ्या, पाच मिनिटं. तोवर मागचे वीस जण मोबाइलमध्ये गेलेले असतात, दालनात स्वतःहून आलेल्या माणसाची वाट अडलेली असते आणि कुणाच्या तरी पाठीवरची सॅक चौथऱ्यावरच्या शिल्पाला लागते. गर्दीत कलाकृतीला धक्का लागतो तो बहुधा हाताचा नसतो, वळताना सॅकचा असतो. म्हणून सॅक पोटाशी घ्यायची सूचना फेरी निघतानाच द्यावी, आणि शिल्पकाराने पोकळ लाकडी चौथऱ्याच्या तळाशी वाळूची पिशवी ठेवावी. दहा किलो वाळूने चौथरा हलायचा थांबतो.

दोन तासांत तीन ठिकाणं. सहा नाहीत. सहांचं वेळापत्रक कागदावर बसतं, जिन्यावर बसत नाही. फोर्टमधल्या जुन्या इमारतींत गॅलरी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्टमध्ये चौघं मावतात. पंधरा माणसं आणि दोन स्वयंसेवक म्हणजे पाच खेपा, एकेका खेपेला दोन मिनिटं धरली तर दहा मिनिटं लिफ्टच्या दाराशीच गेली. गुडघे बरे असणाऱ्यांना जिन्याने पाठवावं, पण वर पोचल्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत बोलायला सुरुवात करू नये. जिथे बॅग जमा करावी लागते तिथे एका खिडकीवर पंधरा जणांना आणखी दहा मिनिटं. नॅशनल गॅलरीचं तिकीट भारतीयांना २० रुपये आहे. ते पैसे आधीच गोळा करून एकाने सगळी तिकिटं काढली की रांगच नको. पुढे मार्गदर्शक आणि शेपटाला एक स्वयंसेवक हवाच, नाहीतर महात्मा गांधी रस्ता ओलांडताना सिग्नल बदलतो आणि फेरीचे दोन तुकडे होतात. वाट एकदा चालून बघायची ती त्याच वारी आणि त्याच वेळेला. बुधवारी सकाळी केलेल्या रंगीत तालमीचा शनिवारी संध्याकाळी काही उपयोग नाही.

नोंदणी फुकट असली की नाव देणारे सगळे येत नाहीत. म्हणून काही आयोजक चाळीस नावं घेतात आणि नेमके तीस उगवतात. त्यापेक्षा ५० रुपये अनामत घ्यावी, आल्यावर परत द्यावी, आणि पाच नावं प्रतीक्षेत ठेवावीत. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की जागा प्रतीक्षेतल्या पुढच्याची.

लोक खासगी गॅलरीत जात नाहीत याचं एक साधं कारण दार आहे. एसीमुळे ते बंद असतं, बाहेर घंटा, आत रखवालदार, पाटी लहानशी. आपल्याला आत घेतील का, घ्यायचं नसताना बघितलं तर चालेल का, अशी धाकधूक असते. फेरीच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं की प्रवेश फुकट आहे, घंटा वाजवायची, टेबलावर किमतींची यादी मागितली तर देतात आणि चित्राखाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं आहे. एवढं कळलेला माणूस पुढच्या महिन्यात एकटा येतो. फोटोची परवानगी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती आधी विचारून ठेवावी. फ्लॅश कुठेच नको.

आता मराठी. इंग्रजी फेरीत शेवटी पाच मिनिटं 'मराठीतही सांगतो' म्हणणं याला मराठी फेरी म्हणत नाहीत. मराठी फेरी वेगळ्या वेळेला, वेगळ्या मार्गदर्शकाची हवी. शब्दांची अडचण सांगितली जाते ती खरी नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्या लाखो मराठी माणसांना स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द शाळेपासून पाठ आहेत. तरी 'स्टिल लाइफ'चं 'अचल जीवन' करणाऱ्या पाट्या लागतात, कारण भाषांतर यंत्राकडून करून घेतलेलं असतं आणि चित्रकलेच्या एकाही मास्तरांना दाखवलेलं नसतं. 'कॅनव्हासवर तैलरंग', 'कागदावर जलरंग', 'मांडणशिल्प' यात अवघड काय आहे? इन्स्टॉलेशन म्हणायचं तर तेही म्हणा, देवनागरीत लिहा म्हणजे झालं.

पाटी छापण्यातही मोजमाप आहे. इंग्रजी मजकूर १८ पॉइंटला वाचता येतो तिथे देवनागरीला २४ लागतात, कारण वेलांट्या आणि रफार वरची जागा खातात, उकार आणि जोडाक्षरं खालची. दोन ओळींतलं अंतर दीडपट ठेवावं. पाटी सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड), पण कागद मॅट. ग्लॉसी कागदावर दिव्याचा झोत पडला की तिरकं होऊन वाचावं लागतं. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, पाटीचा १२० ते १३० ठेवला तर मुलांना आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही वाचता येते. आणि प्रिंटरकडे फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे आकार करून, पीडीएफच द्यावी. नाहीतर त्याच्या संगणकात तो फॉन्ट नसतो, श्र आणि ऱ्ह फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. हे कळतं पाट्या लागल्यावर, उद्घाटनाच्या दिवशी, रात्री.

आवाजाचा मुद्दा कायद्याचाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरता येतो, आणि या भागात उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि एल्फिन्स्टन कॉलेज हाकेच्या अंतरावर आहेत. हातातला भोंगा फेरीत नकोच. पंधरा माणसांना तो लागतही नाही, मात्र फुटपाथवर बोलायचं टाळावं. बसच्या हॉर्नवर मात करायला गेलेला मार्गदर्शक अर्ध्या तासात घसा बसवून घेतो. चालताना गप्प राहावं, बोलायचं ते आवारात शिरल्यावर. कानातले रिसीव्हर वापरायचे तर दोन फेऱ्यांचे चॅनेल वेगळे ठेवा. एकाच चॅनेलवर असले तर जहांगीरमधल्या लोकांना वस्तुसंग्रहालयातल्या मूर्तीचं वर्णन ऐकू येतं.

रस्त्यावरच्या मांडणशिल्पांबद्दल थोडक्यात. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, तेव्हा मोठा सपाट फलक शिडासारखा फुगतो. मागे जाळी किंवा फटी ठेवल्या तर वारा आरपार जातो. हॉट ग्लूने चिकटवलेले भाग उन्हात सुटतात, तिथे स्क्रू किंवा तारच हवी. मुलं चढणार हे धरूनच सांगाडा बांधावा. 'हात लावू नका' ही पाटी कुणी वाचत नाही. चारी बाजूंनी दोन मीटर मोकळे सोडले तर फोटोवालेही खूश आणि चालणारेही.

राहता राहिला रविवार. लोकलच्या मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठीचा खोळंबा, बहुधा ११ च्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारनंतर संपतो, पश्चिमवर जम्बोब्लॉक. ११ ची फेरी ठेवली तर डोंबिवली-पनवेलची माणसं वाटेतच अडकतात. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौक स्थानक सोयीचं आहे, पण ती ठाण्यापलीकडच्यांच्या दारातून जात नाही. म्हणून रविवारची मराठी फेरी हुतात्मा चौकातून सकाळी ९ ला निघावी. तेव्हा गॅलऱ्या बंद असतात, रस्ता मोकळा असतो, इमारती बघायला हीच वेळ. एकाच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज. एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्याचं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं इथेच दाखवली गेली आणि तीनच वर्षांत सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली. पुढे बिनस्वाराच्या घोड्याचा नवा पुतळा, २०१७ चा. ज्याच्यावरून 'काळा घोडा' नाव पडलं तो जुना पुतळा स्वारासकट १९६५ मध्येच हलवला, आता राणीच्या बागेत आहे. मग मागच्या गल्लीतलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरूनच. साडेदहाला चहा. ११ ला जहांगीरचं दार उघडतं, तेव्हा पंधरा माणसं पायरीवर हजर असतील आणि आतल्या चित्रकाराला शनिवारीच सांगून ठेवलेलं असेल. परतताना ब्लॉक लागेल, पण त्याने घरी जायला उशीर होतो, फेरी बुडत नाही.

आपले,
कलाफेऱ्या घेणारे काही जण, मुंबई