निम्मे भरा, बाकी माफ : पण रिपोर्टवर काय राहतं ते कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,

कापूस विकायला लागला की आमच्या पारोळा-एरंडोल भागात वसुलीवाल्यांचे फोन पण सुरू होतात आणि त्यात एक ऑफर हमखास असते, निम्मे भरा, बाकीचं माफ करतो, विषय संपला. तर साहेब, विषय तिथे संपत नाही आणि हे भरणाऱ्याला कोणीच सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आणि हल्ली सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट, काढायला पण लोक येतात. मागे एक पोरगा आला, ट्रॅक्टरचं लोन बँकेने नाकारलं होतं. रिपोर्ट काढला तर जुन्या मोबाईलच्या कर्जापुढे 'सेटल्ड', आणि खाली महिन्यांच्या चौकटीत आधी ०००, ०००, मग ०३१, ०६२, ०९२ असे आकडे चढत गेलेले, म्हणजे तितके दिवस हप्ता थकलेला. अकरा हजार बाकी होते, एजंटने सहा हजार रोख नेले, ना पावती ना पत्र. वडील बाजूलाच उभे, म्हणे, "भाऊ, पैसा तं भरी दिनात ना मी, मंग आते काय राह्यनं?" त्यांच्या हिशोबाने कर्ज फिटलंय, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला तरी वाटत नाही. पाच हजार वाचले म्हणून घरात समाधान होतं, त्या पाच हजारापायी आज ट्रॅक्टर अडकलाय.

पूर्ण पैसे भरले तर खातं 'क्लोज्ड' दिसतं, तडजोड केली तर 'सेटल्ड', आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचून सरळ मागे सरकतो, स्कोअर किती का असेना. ज्यांचं आधीच सेटल झालंय त्यांनी कंपनीकडे लेखी विचारावं, उरलेली रक्कम भरून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घेता येतो आणि खातं क्लोज्ड करून मागता येतं. उशिराचे जुने आकडे मात्र खरे असतील तर पुसले जात नाहीत, त्यामुळे "सिबिल क्लीन करून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. चुकीची नोंद असेल तर तक्रार ऑनलाइन फुकटात होते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, पण आमच्या दुकानात येणाऱ्या एकालाही तो माहीत नसतो!! जामीनदारांनी पण आपला रिपोर्ट काढून बघावा, दुसऱ्याचा थकलेला हप्ता तिथेही येऊन बसतो.

आणि आमच्याकडे पैसा महिन्याला येत नाही हो. रावेर-यावलकडे केळीचं पेमेंट व्यापाऱ्याकडून कधी येईल सांगता येत नाही, इकडे कापूस वर्षातून एकदा, आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला. ट्रॅक्टरला तरी सहामाही हप्ता करून मिळतो, तो लोन घेतानाच मागून घ्यावा. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही असा पण नियम आहे, तरी रात्री जेवताना फोन येतात, बायाबापड्या घाबरून जे असेल ते देऊन मोकळ्या होतात. एजंटच्या हातात रोख देऊच नका, थेट कर्ज खात्यात भरा आणि आधी तडजोडीचं पत्र मागा.

माझी मागणी एवढीच आहे की तडजोडीचे पैसे घेण्याआधी फायनान्स कंपनीने मराठीत एक कागद द्यावा, त्यात रिपोर्टवर काय दिसणार आणि पूर्ण भरले तर काय दिसेल हे स्पष्ट लिहिलेलं असावं, त्यावर सही झाल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अग्रणी बँकांनी खरीपाच्या कर्जमेळाव्यात याच्यासाठी एक टेबल लावावं. आणि कंपनी ऐकतच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा १४४४८ हा टोल फ्री नंबर तुम्ही कृपया या पत्रासोबत मोठ्या अक्षरात छापावा.

आपला,
एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव