टीवाय वाया नाही गेलं

भावा,

तुझा कालचा व्हॉइस मेसेज ऐकला. तुझं म्हणणं असं की दहावीचं वर्ष म्हणजे खरं वर्ष, आणि टीवाय, कॉलेजचं शेवटचं तिसरं वर्ष, म्हणजे नुसता टाइमपास, कधी आलं कधी गेलं कळलं पण नाही, वायाच गेलं. रूमवर एकटा असलास की तुला असलं काहीतरी सुचतं हे मला माहितीये. पण यावर मला बोलून नाही सांगता येणार म्हणून टाइप करत बसलोय, लांबणार आहे, आधी जेवून घे.

दहावी भारी होती हे मला मान्यच आहे. नववीचा रिझल्ट लागायच्या आत क्लासवाल्यांची व्हेकेशन बॅच सुरू, घरातली केबल बंद, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, अख्ख्या बिल्डिंगला माहिती की या घरात दहावी आहे. शेजारच्या काकू जिन्यात दिसल्या की बीजगणित झालं का विचारायच्या. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचं सगळं सेम होतं रे. तेच ८० मार्कांचे लेखी आणि २० चे अंतर्गत, तोच बेस्ट ऑफ फाइव्हचा हिशोब, सगळ्यांच्या हातात ट्रान्सपरंट पाऊच आणि पॅड, दहा पन्नासला प्रश्नपत्रिका हातात आणि अकराला लिहायला सुरुवात. पुरवणीचा दोरा बांधताना तुझे हात थरथरायचे आणि तू वळून माझ्याकडे बघायचास, मी मान हलवली की परत कामाला लागायचास. त्या वर्षी भीती पण सगळ्यांची एकच होती, त्यामुळे ती वाटून घेता यायची.

पण ते वर्ष संपलं कसं ते आठव ना. वर्षभर आपण भारत आणि ब्राझील, भारत आणि ब्राझील करत भूगोल पाठ केला. पँटानल, अजस्र कडा, अॅमेझॉनचं खोरं, तू तर ब्राझीलचा नकाशा डोळे मिटून काढायचास, रंगीत पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. सोमवारी २३ मार्च २०२० ला पेपर, पेपर सुटला की सगळ्यांनी मिळून जिलेबी खायला जायचं, मग नदीवर, असं ठरलेलं. पेपर आधी पुढे ढकलला, मग लॉकडाऊन, मग एप्रिलमधे रद्दच झाला, आणि भूगोलाचे मार्क बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून दिले. २९ जुलैला रिझल्ट लागला तो आपण आपापल्या घरी मोबाईलवर बघितला. शाळेच्या गेटपाशी परत कधी सगळे एकत्र आलोच नाही. अकरावीची ऑनलाइन अॅडमिशन, कॅप राउंड, मग कॉलेजची सुरुवात पण मोबाईलवरच, त्याबद्दल तर काय बोलायचं.

म्हणून मला वाटतं तुला दहावी एवढी आठवते ती ते वर्ष चांगलं होतं म्हणून तर आहेच, पण ते अर्धवट तुटलं म्हणून पण. टीवायशी त्याची तुलना करताना हे धरायला हवं.

आता टीवाय. टीवायला घरात कुणाला पत्ता नव्हता आपली परीक्षा कधी आहे. आई फक्त विचारायची, आज कॉलेज आहे का? आणि बाकी सगळे, पुढे काय? ३० मार्कांचं इंटर्नल आणि ७० चा पेपर असतो हे मी मामाला किती वेळा सांगितलं असेल, त्याचा पुढचा प्रश्न तोच, ते ठीके पण पुढे काय. दहावीला पुढे काय हा प्रश्न आपला नव्हताच, मार्क पडतील तसं मोठे लोक ठरवणार होते. टीवायला पहिल्यांदा तो आपल्याच गळ्यात पडला आणि प्रत्येकाच्या गळ्यात वेगळा. कुणी सीएची आर्टिकलशिप बघत होतं, कुणी एमबीएची सीईटी, कुणी बँकेच्या परीक्षा. आपला दिंडोरीवाला दोस्त तर घरच्या द्राक्षबागेच्या हिशोबाने कॉलेज करायचा, ऑक्टोबरमधे गोडी छाटणी म्हणून गायब, आणि एप्रिलमधे बाकीचे पेपरला घाबरलेले असताना त्याच्या डोक्यात खरड छाटणीला मजूर मिळतील का हे. एका वर्गात बसून सगळ्यांची वर्षं वेगळी चाललेली. तुला जे एकटं वाटलं ना ते यामुळे. मलाही वाटायचं, ते खोटं नाहीये.

पण भावा एक बघ. शाळेत आपल्याला बेंचने एकत्र बसवलं होतं. बाईंनी जागा दिली, तू माझ्या शेजारी आलास, दोस्ती झाली, छान झालं, पण आपण काही ठरवलं नव्हतं. टीवायला कोण बसवत होतं? हजेरीचं कुणाला पडलेलं नव्हतं, अर्धी लेक्चर्स व्हायचीच नाहीत, तरी तू नाशिकरोडवरून सिटीलिंकची बस धरून यायचास. दुपारी पार्किंगच्या शेडमधे त्या दिंडोरीवाल्याला घेऊन बसायचास, तो छाटणीमुळे सगळं बुडवून आलेला, आणि तू त्याच्या गाडीच्या सीटवर जर्नल ठेवून कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, शिकवायचास. अरे आधी प्राइम कॉस्ट काढ, मग त्यात फॅक्टरी ओव्हरहेड टाक की वर्क्स कॉस्ट येते, ऑफिसचा खर्च त्याच्यानंतर, आधी घातलास तर पुढचं सगळं चुकणार. तुझ्या कॅल्क्युलेटरचं सातचं बटण चिकटायचं, जोरात दाबायला लागायचं, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा सात आला का बघ. त्याचं ते गणित बरोबर येईपर्यंत तू उठायचा नाहीस, बस निघून गेली तरी. याला कुणी मार्क देत नव्हतं. हे वर्ष तू वाया गेलं म्हणतोस?

आणि रंगपंचमी विसरलास? दहावीला ती नेमकी पेपरांच्या मधे आली होती, आपण गच्चीवरून रस्ता बघत बसलो होतो. टीवायला, १९ मार्च २०२५ ला, तू आधीच जॉबला लागलेला असून सुट्टी टाकून पुण्याहून आलास. रहाडीत, रंगाच्या त्या जुन्या हौदात, पहिला धप्पा, म्हणजे उडी, तूच मारलीस. एवढी गर्दी, वरून पाण्याचे फवारे, आणि तू बाहेर आल्यावर ओळखू पण येत नव्हतास. तुझ्या कानामागचा रंग पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर दिसत होता, ऑफिसमधे काय सांगितलंस कुणास ठाऊक.

आता जे तुला माहितीच नाही ते सांगतो, खरं तर यासाठीच लिहायला बसलो. तू सहाव्या सेमचे पेपर देऊन लगेच रात्रीच्या एसटीने गेलास. तुझी तक्रार हीच आहे ना, की काही शेवटच नाही झाला, कुणी कुणाला धड बाय पण नाही केलं. स्पेशल विषय वेगळे त्यामुळे प्रत्येकाचा शेवटचा पेपर वेगळ्या दिवशी, मग शेवटचा दिवस असा नव्हताच. पण सगळ्यात उशिरा पेपर होता तो दिंडोरीवाल्याचा. त्या दिवशी मी गेटवर गेलो, म्हटलं एकटाच असेल बिचारा. तर तिथे आधीच आपले तिघं-चौघं उभे. कुणी कुणाला मेसेज केला नव्हता. सगळ्यांचे पेपर कधीचे संपलेले, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ही मंडळी त्याची वाट बघत उभी. तो बाहेर आला, आम्हाला बघून थांबलाच, मग पहिलं काय विचारलं असेल तर तुझं नाव घेतलं, म्हणाला तो नाही आला का? मी सांगितलं तो पुण्याला गेला, सुट्टी नाही मिळाली. तो म्हणाला कॉस्टमधे पास झालो ना तर त्याच्यामुळे. नंतर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि आपापल्या घरी गेलो, एवढंच.

दहावीला असं कुणाला कुणासाठी थांबायची वेळच आली नाही. तेव्हा सगळे एकदमच सुटायचे. टीवायला सुटल्यावरही मुद्दाम परत यावं लागत होतं, आणि पोरं आली. मला दहावी आठवली की छान वाटतं, पण कुणी आपलं आहे का असा प्रश्न पडला तर मी टीवायच आठवीन.

तो पास झालाय. फर्स्ट क्लास नाही, पण कॉस्ट सुटला, एकदम व्यवस्थित. तुझा नवीन नंबर मागत होता, मी दिलाय. त्याचा फोन आला तर उचल, कामात आहे म्हणू नकोस.

आणि आता कामाचं. डिग्री सर्टिफिकेट आपोआप मिळत नाही, विद्यापीठाच्या साइटवर फॉर्म भरावा लागतो, फी पण ऑनलाइन. मार्कशीटवर असलेलं नावच टाक, स्पेलिंग नीट बघ. तुझी ओरिजिनल मार्कशीट मी ऑफिसातून घेऊन ठेवलीये, घरी कपाटात आहे. या नाहीतर पुढच्या शनिवारी ये, आईला जेवायचं सांगून ठेवतो, फॉर्म इथेच बसून भरू. कुठल्या शनिवारी ते मात्र आधी कळव, म्हणजे दिंडोरीला पण फोन करता येईल.

तुझाच