मेलेला दाणा

महोदय,

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, गावठाणांत आगेरा हा सुगीचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. आमचं शेत केव्हाच गेलं; लोंब्या विकत आणतो, असो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात येशू स्वतःच्या मरणाविषयी बोलताना म्हणतो, गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. मेला तर भरपूर पीक देतो. प्रवचनात हे ऐकताना पोरं पेंगतात. आजी मात्र आवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, वेळी उपटलेलं रोप समोर धरायची. मुळाशी चिकटलेलं रिकामं टरफल, आतलं सगळं कोंबाने खाल्लेलं. ‘हा बघ, मेला तो.’

धर्मशिक्षणाच्या वर्गात यंदा सालासकट मूठभर भात भिजवून ओल्या फडक्यात ठेवावा, एवढीच सूचना.

– एक वाचक, गोराई