तुटलेले तुकडेही मागवा

महोदय,

इपॉक्सीत (हार्डनर घातल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) नॅनो सिलिका किंवा कार्बन नॅनोट्यूबसारखे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि ताकद अमुक टक्के वाढली, असे निष्कर्ष अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत नेहमी दिसतात. तो आकडा कोणत्या यंत्रावर निघाला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. अनेक महाविद्यालयांत लोखंडी सळ्या ओढण्यासाठी घेतलेले ४० टनी यूटीएम, म्हणजे नमुना ओढून तोडणारे यंत्र, असते. एएसटीएम डी ६३८ या प्लॅस्टिक ओढून तपासण्याच्या मानकातल्या नेहमीच्या डंबेलची (डंबेलच्या आकाराच्या नमुन्याची) मधली पट्टी १३ मिमी रुंद, साधारण ३.२ मिमी जाड. ६० मेगापास्कलची इपॉक्सी एवढ्या पट्टीत सुमारे अडीच किलोन्यूटनला तुटते, म्हणजे यंत्राच्या क्षमतेच्या एक टक्क्याच्याही आत. ट्रकच्या वजनकाट्यावर मेथीची जुडी तोलावी तसे हे! ५ किंवा १० किलोन्यूटनचा लोडसेल (बळ मोजणारा भाग) हवाच. नमुना किती लांबला ते थेट त्याच्यावरच मोजणारा एक्स्टेन्सोमीटरही हवा, नुसत्या क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकत्या आडव्या भागाच्या) सरकण्यावरून ते काढले, तर पकडीतली घसरण त्यात मिसळते आणि मॉड्युलस (ताठपणाचे माप) फारच कमी येतो.

पण खरा घोळ त्याआधी, मिश्रण करतानाच होतो. नॅनो पावडर ओल धरते, म्हणून ती ओव्हनमध्ये वाळवूनच घालावी. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण पसरवणारे उपकरण) सलग चालवला की रेझिन तापते. भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून तो थांबत थांबत चालवावा. मग व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढावेत. हार्डनर मिश्रण थंड झाल्यावरच घालावा आणि हलक्या हाताने ढवळावा, नाहीतर काढलेली हवा पुन्हा आत जाते. टक्केवारीचाही गोंधळ असतो. १०० ग्रॅम रेझिन, १० ग्रॅम हार्डनर आणि २ ग्रॅम सिलिका हे रेझिनवर २ टक्के, पण एकूण मिश्रणावर १.८ टक्के. यातले कोणते धरले, ते अहवालात लिहायला हवे.

तुलनेसाठीच्या कोऱ्या इपॉक्सीलाही हीच सगळी वागणूक मिळाली पाहिजे. कण पसरवायला अ‍ॅसिटोन वापरले असेल, तर कोऱ्या नमुन्यातही वापरावे. मागे राहिलेले अ‍ॅसिटोन रेझिन मऊ करते आणि दोष नॅनोकणांच्या माथी बसतो.

आमची सूचना अशी, की विद्यार्थ्यांच्या हाती आधी नॅनो पावडर देऊच नये. कोऱ्या इपॉक्सीचे दहा डंबेल ओतायला लावावेत, कडा घासून घ्याव्यात, मायक्रोमीटरने तीन ठिकाणी जाडी मोजावी. जाडीत ०.१ मिमीची चूक झाली तर ताकदीत तीन टक्क्यांचा फरक पडतो. 'पाच टक्के वाढ' मग कसली? नमुने २३ अंशांना ४० तास ठेवून मिनिटाला ५ मिमी वेगाने ओढावेत. पकडीपाशी तुटलेला नमुना बाद. दहांचे आकडे जवळजवळ येईपर्यंत पुढे जाऊ नये.

महाविद्यालयात यंत्र नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या प्लॅस्टिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत चाचणी करून घेता येते. पण नमुन्यांसोबत विद्यार्थ्यालाही पाठवावे. आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आलेखाबरोबर तुटलेले तुकडेही मागवावेत. तुटलेल्या तोंडावर पांढरा ठिपका दिसला तर सिलिकाच्या कणांची गुठळी, गोल खळगा दिसला तर बुडबुडा. भिंगातून दोन मिनिटांत कळते.

– पॉलिमर चाचणी शिकवणारे काही शिक्षक, पुणे