लिंक अडवा, पण कारण सांगा

मा. संपादक,

‘अनोळखी लिंक उघडू नका’ हे पोलिसांपासून बँकांपर्यंत सगळेच बजावतात. पण आपलीच लिंक धोकादायक ठरली तर दाद कुठे मागायची? आमच्या वाचनालयाने दिवाळी अंकांची यादी संकेतस्थळावर टाकून तिची लिंक एका समाजमाध्यमावर दिली. त्यावर लगेच इशारा झळकला, ‘ही लिंक असुरक्षित असू शकते’. सभासदांचे फोन सुरू झाले, ‘कार्यवाह, वर्गणी ऑनलाइन भरलीय, पैसे बुडाले का?’ त्याच आठवड्यात सभासदांच्या ग्रुपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये फसवे ॲप बसवणारी) मात्र बिनबोभाट फिरत होती.

छाननीला माझा विरोध नाही. घातक संकेतस्थळ सरासरी दहा मिनिटेही टिकत नाही, असे गूगलच सांगते. म्हणूनच 2024 पासून गूगलचा क्रोम ब्राउझर नुसत्या साठवलेल्या यादीवर न विसंबता पान उघडतानाच पत्ता पडताळतो. एवढा वेग माणसाला झेपणारा नाही, हे मान्य. पण ज्याला दोषी धरले त्याला दोष तरी कळावा! गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या सुविधेत, निदान अडचणीचा प्रकार दिसतो, दुरुस्तीनंतर फेरतपासणी मागता येते. तिथे आमच्या नावावर काहीच नाही. समाजमाध्यमाकडून मात्र ‘नियमांत बसत नाही’ एवढेच, तेही इंग्रजीत. संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा म्हणतो, आपल्या सर्व्हरवर इतर शेकडो संकेतस्थळे आहेत, त्यातले एखादे बदनाम असेल. म्हणजे एका खोलीत चोर सापडला म्हणून अख्ख्या चाळीला टाळे!

एसएमएसबाबत ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने उलटी वाट धरली. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यावसायिक एसएमएसमधून आधी नोंदवलेलीच लिंक जाऊ शकते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ताच ठरवून दिला. बँकांना हे परवडते. ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या, अनुदानाची वाट पाहणाऱ्या वाचनालयाला असे कोण नोंदवून घेणार?

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यमांनी तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 7 दिवसांत (2026 च्या दुरुस्तीपूर्वी 15 दिवसांत) द्यायचा असतो. त्यावर अपील समितीही आहे. लिंक अडवण्याच्या तक्रारींनाही हीच मुदत लागू आहे, हे केंद्राने स्पष्ट करावे. कोणत्या पानामुळे अडवले ते मराठीत कळवणे आणि फेरतपासणी माणसाकडून करून घेणे कंपन्यांवर बंधनकारक करावे.

– एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह, ता. खटाव, जि. सातारा