हरवू नये म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं आई दोन वाक्यांत उरकते, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मागच्या खेपेला तुम्ही लंडनला आलात तेव्हा मी एका दिवसात तुमच्याकडून सगळं ब्रिटिश म्युझियम उरकून घ्यायला निघाले होते. बाबांच्या गुडघ्यांनी ममींपाशीच हात टेकले. आई बाकावर बसली आणि म्हणाली, "छान आहे गं, पण आता पुरे." दोन दालनं राहिली म्हणून मी चिडले होते. आठवलं की अजून ओशाळायला होतं.

आमचं ऑफिस आता त्याच भागात, ब्लूम्सबरीत हललंय. दुपारच्या सुट्टीत आणि कधी शनिवारी मी आसपासच्या गल्ल्या पायाखाली घालते. ब्रिटिश म्युझियमच्या त्या अवाढव्य वडाच्या सावलीत दुसरं काही उगवत नसेल असं मला वाटायचं. पण जुन्या विटांच्या घरांच्या रांगेत मधूनच एका दारावर छोटी पाटी दिसते, आणि आत अख्खं म्युझियम असतं. गर्दी नाही, आणि बसायला खुर्ची मिळते.

दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर लागतं. गवंड्याचा हा मुलगा, पुढे बँक ऑफ इंग्लंडची इमारत याने बांधली. याला जुन्या वस्तूंचं इतकं वेड की घरात पाय ठेवायला जागा नाही. सेती पहिला या फॅरोची दगडी शवपेटी २००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमने नको म्हटली, ती याने १८२४ साली घेतली आणि तळघरात ठेवली. चित्रांच्या खोलीतल्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात! हा पसारा कुणी हलवू नये म्हणून त्याने १८३३ मध्ये थेट पार्लमेंटचा कायदा करून घेतला. बाबा, माळ्यावरच्या रेडिओंच्या बाबतीत तुम्हाला हा मार्ग सुचेल, म्हणून आधीच सांगते: त्या कायद्यामागे मुलाशी बिनसलेलं होतं हेही एक कारण होतं. तेवढं उचलू नका.

डाउटी स्ट्रीटवर ४८ नंबरचं घर डिकन्सचं. तिथे तो जेमतेम अडीच-तीन वर्षं राहिला, १८३७ ते १८३९. घर नीटनेटकं आहे, पण मला जिने जास्त आठवतात. त्याहून मोठा आनंद बाहेर पडल्यावर झाला. तिथून पाच-सात मिनिटांवर ग्रेज इन आहे, बाबासाहेब जिथून बॅरिस्टर झाले ते. बाबा, तिथे आपण नक्की थांबू.

पण खरं सांगायचंय ते ब्रन्सविक स्क्वेअरमधल्या फाउंडलिंग म्युझियमबद्दल. थॉमस कोरम नावाच्या एका दर्यावर्दी माणसाला रस्त्याच्या कडेला टाकलेली तान्ही मुलं बघवेनात. सतरा वर्षं तो मोठ्या लोकांचे उंबरे झिजवत राहिला, तेव्हा कुठे १७३९ मध्ये अशा मुलांना सांभाळणारी संस्था काढायला राजाची सनद मिळाली. पुढे दारात इतक्या बाया बाळं घेऊन येऊ लागल्या की चिठ्ठ्या टाकाव्यात तसं सुरू झालं. पिशवीत हात घालून गोळी काढायची. पांढरी आली तर बाळ तपासून आत. लाल आली तर थांबायचं, आतल्या कुणाचं बाळ आजारी निघालं तर जागा मिळणार. काळी आली तर बाळ कडेवर घेऊन परत.

आत घेतलेल्या बाळाला नवं नाव मिळे. मग उद्या आई परत आलीच तर ओळखायचं कसं? त्यासाठी ती एक खूण ठेवून जाई. त्या खुणा काचेच्या कपाटात मांडल्यात. घासून गुळगुळीत केलेल्या नाण्यावर कोरलेलं नाव. बटण. एक किल्ली. आणि एक हेझलनटचं टरफल. जिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं तिने ते दिलं असेल, असं मीच आपलं धरून चालले. कित्येक खुणा एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनासाठी बाळांच्या नोंदीच्या कागदांपासून सुट्या केल्या गेल्या, त्यामुळे कुठली कोणाची याचा माग काढावा लागतो. मला त्याचा फार राग आला.

सगळ्यात जास्त खुणा कापडाच्या. बाळाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून कागदाला टाचणीने लावत. हे हजारो तुकडे दुसरीकडे, दफ्तरखान्यात आहेत; मी फक्त फोटो पाहिले. सारा बेंडर नावाच्या बाईने १७६७ मध्ये ठिगळं जोडून शिवलेली, वर पत्त्यांतल्यासारखा बदाम भरतकामाने काढलेली एक चिंधी मधोमध कापली. अर्धी मुलासोबत, अर्धी स्वतःकडे. १७७५ मध्ये ती आली आणि मुलाला घेऊन गेली. असं फार क्वचित व्हायचं. १७४१ ते १७६० या काळात घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी परत नेली गेली फक्त १५२.

आई, बालवाडीत माझ्या डब्याच्या पिशवीला तू माझ्याच पिवळ्या फ्रॉकचा तुकडा शिवला होतास. मला वाचता येत नव्हतं, पण कापड ओळखता यायचं. मी त्या कपाटासमोर उभी होते आणि शेजारची बाई मला टिश्यू देत होती.

वरच्या मजल्यावर हँडेल या संगीतकाराचा संग्रह आहे; या मुलांसाठी तो कार्यक्रम करून पैसे उभे करायचा. तिथल्या आरामखुर्च्यांत कानाशीच स्पीकर बसवलेत. बाबांना तिथे पूर्ण ऐकू येईल. लिफ्टही आहे.

शेजारी त्या जुन्या संस्थेच्या जागेवर मैदान आहे. फाटकावर पाटी: मोठ्यांना लहान मुलासोबतच प्रवेश. मी दोनदा जाळीतून डोकावून परत आले. तुम्ही दोघं असाल तर तिथल्या माणसाला म्हणता येईल, 'यांचं मूल मीच.' सोडेल असं वाटत नाही.

मे महिन्याची तिकिटं बघते. दिवसाला एकच जागा, जेवणानंतर झोप, हे कबूल. आई, पिवळ्या फ्रॉकचं काही उरलं असेल तर शोधून ठेव. पाठवू नकोस, येताना आण.

तुमची,
मनू